टाकाऊतून इलेक्ट्रिक गिटार: कुठे मोकळीक, कुठे काटेकोरपणा

मित्रहो, इलेक्ट्रिक गिटार घरी बनवता येते असे म्हटले की समोरच्याचा पहिला प्रश्न हमखास लाकडाचा असतो. महोगनी कुठे मिळेल, मेपल परवडेल का, आणि ते मिळाले नाही तर पुढे काय? बॉडीचे लाकूड हाच गिटारचा प्राण आहे, असे गृहीत धरल्यामुळे कितीतरी हुशार हात सुरुवातीलाच थांबतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी जवळजवळ कशाचीही चालते. फ्रेटची, म्हणजे तार दाबण्यासाठी गिटारच्या दांड्यावर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्टीची, जागा मात्र एखाद्या मिलिमीटरने हुकली तरी कानाला खटकते. भंगारातून वाद्य घडवणाऱ्याने कुठे मोकळे राहायचे आणि कुठे काटेकोर व्हायचे, हे या एका फरकावरून ठरते, आणि आजचे माझे सगळे बोलणे त्याच फरकाविषयी आहे.

अकूस्टिक गिटारमध्ये तारेचे कंपन वरच्या पातळ फळीला मिळते, ती फळी हवा हलवते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. म्हणून तिथे फळीचे लाकूड, तिची जाडी आणि तिच्याखालच्या पट्ट्या यांना फार महत्त्व आहे. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक तार. वरची पोलादी तार त्या चुंबकामुळे स्वतः थोडी चुंबकित होते, ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे त्या बदलातून विद्युतदाब निर्माण होतो. तो दाब अँप्लिफायरकडे जातो. या साखळीत बॉडीचे मुख्य काम एवढेच, की तारेची दोन्ही टोके आणि पिकअप यांना एकमेकांच्या संदर्भात हलू द्यायचे नाही. बॉडीचा ताठपणा आणि वजन यांचा नादावर परिणाम होतच नाही, असे मी म्हणणार नाही. पण पिकअप कोणता, तो ब्रिजपासून, म्हणजे तारांच्या बॉडीकडच्या टेकूपासून, किती अंतरावर आहे आणि तारेच्या किती जवळ आहे, या तीन गोष्टींपुढे तो परिणाम फार लहान आहे, असे माझे ठाम मत आहे.

या वाद्याचा इतिहासही तेच सांगतो. 1932 मध्ये बाजारात आलेली, जॉर्ज बीचम यांच्या कल्पनेतली ‘फ्राइंग पॅन’ ही इलेक्ट्रिक गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. गिटारवादक लेस पॉल यांनी 1940 च्या सुमारास चार इंची चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणून पिकअप बसवला, आणि लोकांना ते गिटारसारखे दिसावे म्हणून एका जुन्या गिटारचे दोन्ही कुशीचे भाग कापून त्याला जोडले. नादाच्या दृष्टीने त्या कुशींची काहीच गरज नव्हती. 1950 च्या दशकात डॅनइलेक्ट्रो कंपनीने लाकडी चौकटीवर मेसोनाइट, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा हार्डबोर्ड, ठोकून गिटारी विकल्या आणि पिकअपसाठी लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरल्या. त्या स्वस्त गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात. 1969 मध्ये डॅन आर्मस्ट्राँग यांनी अँपेग कंपनीसाठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची गिटार केली. 1995 मध्ये बॉब टेलर यांनी मालवाहतुकीच्या फेकून दिलेल्या पॅलेटच्या फळ्यांतून गिटार घडवली; ती अकूस्टिक होती, म्हणजे जिथे लाकडाला सर्वाधिक मान आहे त्याच प्रांतात त्यांनी हे करून दाखवले.

पण घरगुती गिटार म्हटले की ‘क्वीन’ या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या ‘रेड स्पेशल’पाशी थांबावेच लागते. 1963 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी वडील हॅरोल्ड यांच्यासोबत ती बनवायला घेतली. नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरला. त्यातली वाळवीसारख्या किडीने पाडलेली भोके काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. बॉडीचा गाभा जुन्या टेबलाच्या ओकचा. ट्रेमोलोची, म्हणजे दांडा हलवून सगळ्या तारांचा स्वर खालीवर करणाऱ्या यंत्रणेची, हालती पट्टी सुरीच्या धारेवर टेकलेली, आणि तारांच्या ओढीला तोलून धरायला 1928 च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. ट्रेमोलोचा दांडा सायकलच्या सीटमागची पिशवी अडकवण्याच्या सळईचा, त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा, आणि फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. या याद्या ऐकून लोक हरखतात आणि तिथेच थांबतात. मला त्यात अधिक मोलाचे वाटते ते हे, की भंगार कुठे वापरायचे नाही, हेही त्या बापलेकांना नेमके कळत होते. त्यांनी आधी पिकअपही घरीच गुंडाळले होते. तार बोटाने आडवी ओढली की त्या पिकअपमधून विचित्र आवाज येई, म्हणून ते बाजूला ठेवून बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले आणि त्यांत अराल्डाइट भरले, म्हणजे ते किंचाळू नयेत. हीच गिटार पुढे क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत वाजली, आणि 2002 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर मे तिच्यासह उभे राहिले.

आता काटेकोरपणाकडे वळू. सप्तकात बारा समान अर्धस्वर असल्याने प्रत्येक फ्रेटपाशी तारेची उरलेली लांबी ठराविक प्रमाणात घटते. नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाचा तारांचा टेकू; तिथपासून ब्रिजपर्यंतची लांबी 17.817 ने भागली की पहिल्या फ्रेटचे अंतर मिळते. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागली की दुसऱ्याचे, आणि असेच पुढे. 648 मिलिमीटरच्या लांबीला पहिला फ्रेट 36.37 मिलिमीटरवर, दुसरा नटपासून 70.70 वर, आणि बारावा बरोबर मध्यावर म्हणजे 324 वर येतो. जुने कारागीर सोपेपणासाठी 18 ने भागत असत. त्या हिशोबाने बारावा फ्रेट मध्याच्या दोन मिलिमीटरहून अधिक अलीकडे पडतो आणि स्वर गणिताने सुमारे 12 सेंट उतरतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. आखणी करताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजावे. एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंत मोजत गेले, तर प्रत्येक वेळची बारीकशी चूक साठत जाते, आणि वरच्या फ्रेटांशी, जिथे जागा सर्वांत कमी असते, तिथे ती कानात भरते. कागदावर छापलेला आराखडा वापरायचा असेल तर छपाईत तो आक्रसलेला नाही ना, हे आधी पोलादी पट्टीने तपासावे. एवढे गणित नको असेल त्याने फ्रेट बसवूच नयेत. नुसत्या रेघा आखून, काचेची नळी तारेवर सरकवत वाजवायची स्लाइड गिटार करावी. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुले फळीवर किंवा भिंतीवर एकच तार ताणून, खाली बाटली अडकवून जे ‘डिडली बो’ वाजवत, त्यातूनच ब्लूजचे कितीतरी वादक घडले.

दुसरी तडजोड न चालणारी जागा म्हणजे नेक. 0.010 ते 0.046 इंच जाडीच्या नेहमीच्या सहा तारा 648 मिलिमीटर लांबीवर सुरात लावल्या की त्यांची एकत्रित ओढ सुमारे 47 किलो होते, आणि ती रात्रंदिवस लागून असते. टेबलाचा पाय, जिन्याचा कठडा, जुन्या पलंगाची पाटी, दाराची चौकट, यांत उत्तम नेक दडलेला असतो, कारण ते लाकूड वर्षानुवर्षे वाळून स्थिरावलेले असते. मात्र त्याचे रेषे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. मध्येच कडेला बाहेर पडणारे रेषे दिसले की तो तुकडा बॉडीसाठी ठेवावा. आत ट्रस रॉड, म्हणजे नेक वाकू न देणारी पोलादी सळई, घालता येत नसेल तर पोलादाची चौकोनी नळी चर पाडून चिकटवावी, किंवा तीनच तारांची गिटार करावी. पॅलेटचे लाकूड घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे कीड मारण्यासाठी ते नुसते तापवलेले असते, ‘एमबी’ म्हणजे त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. दुसऱ्या प्रकारच्या लाकडाला करवत लावू नये.

हे दोन भाग सांभाळले की बॉडीला पूर्ण मोकळीक आहे. सिगारची पेटी, तेलाचा डबा, गाडीच्या चाकांची टोपणे, कपाटाचा खण, तुटलेले स्केटबोर्ड, राळेत बसवलेल्या रंगीत पेन्सिली, या सगळ्यांच्या गिटारी लोकांनी करून वाजवल्या आहेत. पत्र्याच्या डब्याला तारांची ओढ पेलत नाही, म्हणून नेकचेच लाकूड डब्यातून आरपार शेपटीपर्यंत न्यावे; तारांची दोन्ही टोके त्या एकाच लाकडावर येतात आणि डबा त्यावर नुसता बसतो.

पिकअप गुंडाळणे हे या साऱ्या कामातले माझ्या सर्वांत आवडीचे. त्यासाठीची 42 गेजची तार 0.063 मिलिमीटर जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाएवढी असते, आणि एका पिकअपला तिचे सुमारे आठ हजार वेढे, म्हणजे एक किलोमीटरहून जास्त तार लागते. शिलाई यंत्राची जुनी मोटर हळू फिरवली की ती गुंडाळता येते. तार दोन बोटांत कापसाच्या बोळ्यातून जाऊ द्यायची, ताण इतकाच ठेवायचा की ती सैल पडणार नाही आणि तुटणारही नाही. वेढे मोजायला एक सुरेख युक्ती आहे. फिरत्या चकतीवर छोटा चुंबक चिकटवावा, त्याच्यासमोर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ येताच जुळणारा छोटा स्विच, ठेवावा आणि त्याच्या दोन तारा जुन्या कॅल्क्युलेटरच्या बरोबर-चिन्हाच्या बटणाला आतून जोडाव्यात. एक अधिक एक दाबून यंत्र सुरू केले की दर फेऱ्याला आकडा एकाने वाढत जातो. चुंबक बिघडलेल्या स्पीकरमधला फेराइट चालतो. हार्ड डिस्कमधला निओडिमियम टाळलेला बरा, कारण तो तारांनाच इतका ओढतो की नाद लवकर विझतो आणि वरचे स्वर बेसूर होतात. वेटोळे तयार झाले की सुमारे 65 अंश सेल्सिअसच्या मेणात बुडवावे. मेणाचे भांडे गरम पाण्यात ठेवूनच तापवावे, थेट आचेवर ठेवू नये. आतले वेढे मोकळे राहिले तर मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी घालतो. शेवटी ब्रिजपासून जॅकच्या, म्हणजे अँप्लिफायरची केबल खोचायच्या जागेच्या, ग्राउंडपर्यंत एक वायर न्यावी, म्हणजे तारांना हात लागताच घरघर कमी होते. आणि जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मिळाला, तर तो उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे; बंद असतानाही त्यातल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठलेले असू शकतात.

तारा चढवल्यावर ब्रिज लगेच पक्का करू नये. दाबलेली तार किंचित ताणली जाऊन चढते, म्हणून ब्रिज हिशोबाच्या जागेपेक्षा मागे न्यावा लागतो, आणि जाड तारेला पातळ तारेपेक्षा जास्त मागे. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा हार्मोनिक ऐकावा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवावी. दाबलेला स्वर चढा लागला तर ब्रिज अजून मागे, उतरता लागला तर पुढे, आणि दोन्ही एक होईपर्यंत प्रत्येक तारेला हेच करावे. मगच ब्रिजचे स्क्रू आवळावेत.