प्लेट फिरते, पण आमटी गार

(पडद्यावर : मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या वाटीत आमटी. आतला दिवा चालू, प्लेट फिरतेय. टिंग.)

दोन मिनिटं झाली. दिवा लागला, प्लेट फिरली, शेवटी टिंगसुद्धा वाजलं. आणि वाटी बाहेर काढली, तर आमटी फ्रीजमधून निघाली तशीच. वरचा तुपाचा थरही हललेला नाही.

पुण्यातल्या एका पेठेत, जिन्याखालच्या दुकानात, हीच तक्रार घेऊन एक ताई आल्यात. ओव्हन जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षातून आणलाय. "सगळं चालतं हो काका, फक्त गरम होत नाही." काका अजून ओव्हनकडे वळलेलेही नाहीत. विचारतात, "आवाज कसा येतो, ताई? हलका की जड?"

निम्मं निदान या प्रश्नातच आहे. मायक्रोवेव्हच्या पेटीत खरं तर दोन बिऱ्हाडं राहतात. एक साधं : दिवा, पंखा, प्लेटची मोटर, बटणांचं कार्ड. दुसरं तापट. तिथे एक वजनदार ट्रान्सफॉर्मर घरच्या २३० व्होल्टचे साधारण २,००० करतो. वीज साठवणारा कपॅसिटर आणि ती एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड मिळून ते जवळपास दुप्पट करतात, आणि हा ४,००० व्होल्टच्या घरातला दाब जातो मॅग्नेट्रॉनला, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या नळीला. हे दुसरं बिऱ्हाड जागं झालं की ओव्हन घुमायला लागतो, आवाज खाली उतरतो. ताईंच्या ओव्हनमधून येतोय तो नुसत्या पंख्याचा. (इन्व्हर्टरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटने दाब वाढवणाऱ्या, मॉडेलमध्ये तो जड ट्रान्सफॉर्मरच नसतो. तिथे कानावर भरवसा ठेवता येत नाही.)

कन्व्हेक्शनवाल्या ओव्हनमध्ये तर आणखी गंमत. केक मस्त फुगतो, पण वाटीभर वरण गरम होत नाही. कारण केकला तापवणारी कॉइल वेगळी.

(पडद्यावर : टेबलावर सुटा मॅग्नेट्रॉन. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन गोल चुंबक.)

हा मॅग्नेट्रॉन. मुळात याचा स्वयंपाकघराशी काडीचा संबंध नव्हता. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला, आणि महायुद्धात तो रडारमध्ये बसला. पुढे अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट म्हणे मॅग्नेट्रॉनजवळ वितळलं. गोष्ट सांगणाऱ्यागणिक बदलते, पण स्पेन्सरने १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला हे पक्कं. १९४७ चा पहिला विक्रीचा ओव्हन माणसाएवढा उंच होता आणि वजन ३०० किलोच्या वर. त्या मानाने ताईंचा रिक्षातून आला, हे काही कमी नाही.

(पडद्यावर : प्लग काढलेला. मागचे स्क्रू सुटतात, पत्रा निघतो.)

पत्रा निघाला, पण काकांचा हात अजून आत गेलेला नाही. प्लग काढला म्हणजे वीज संपली, हा हिशेब इथे चुकतो. कपॅसिटर ती धरून बसलेला असू शकतो. ती हळूहळू उतरावी म्हणून त्याच्या आत एक रेझिस्टर असतो, पण तोच गेलेला असला तर? म्हणून काका जाड मुठीच्या पक्कडीत धरलेल्या रेझिस्टरमधून कपॅसिटर आधी रिकामा करतात, मग मीटर लावून खात्री करतात. हा व्हिडिओ बघून कुणी घरी स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठला असेल, तर त्याने कृपा करून परत बसावं. इथला झटका माणसाला दुसरी संधी देतोच असं नाही.

आता शोध सुरू. काकांची रीत ठरलेली : स्वस्ताकडून महागाकडे. "मॅग्नेट्रॉन गेलाय, नवीनच घ्या," हे उत्तर ताईंना एका ठिकाणी पत्रा न उघडताच मिळालं होतं. कधी ते खरंही निघतं. पण त्याआधी विचारण्यासारखे बरेच जण असतात.

पहिले, दाराचे मायक्रोस्विच. दाराच्या कडीशी असे सहसा तीन लपलेले असतात. दोघांचं काम, दार नीट लागल्याशिवाय वीज पुढे जाऊ न देणं. तिसरा नुसता पहारेकरी. ते दोघे चिकटून बसले आणि दार उघडं असताना वीज चालूच राहिली, तर हा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. ओव्हन मेला तरी चालेल, माणूस भाजता कामा नये, असा विचार करून कुणीतरी हे बसवलंय. मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो.

मीटरची एक पिन इकडे, एक तिकडे. दार लावलं. पहिला स्विच बोलला, बीप. दुसरा गप्प. पुन्हा दार लावलं. गप्पच. काका तो बाहेर काढतात. बोटाच्या पेराएवढा काळा डबा, एका टोकाला प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, टर्मिनल काळवंडलेलं. या मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मरची वीज याच स्विचमधून जाते. दिव्याची आणि प्लेटची वाट वेगळी. म्हणून सगळं फिरत होतं आणि आमटी गार होती.

तरी काका बाकीचंही तपासतात. डायोड, कपॅसिटर, मग मॅग्नेट्रॉन. त्याच्या फिलामेंटचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा, रोध एक ओहमपेक्षाही कमी लागतो, आणि फिलामेंट ते बॉडी मात्र काहीच संबंध दिसता कामा नये. दोन्ही ठीक. कार्डाच्या मागे झुरळांची वस्ती सापडते. ती ब्रशने झाडून निघते. पुण्यातला ओव्हन आणि आत झुरळ नाही, असं काका म्हणतात, त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

मॅग्नेट्रॉन खरंच गेला असता तर काका तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन आणणार होते, आणि ओव्हन किती जुना आहे हे विचारून ताईंना आधी आकडा सांगणार होते. स्विचला चहा-वडापावच्या पातळीचे पैसे लागतात. मजुरी त्याहून जास्त, आणि ते रास्तच आहे.

(पडद्यावर : काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी. थर्मामीटर.)

पत्रा परत बसवून मगच चाचणी. ८०० वॉटचा ओव्हन एक लिटर पाणी मिनिटात साधारण ११ अंशांनी तापवतो. तीन सेकंद नुसता पंखा. मग आवाज खाली उतरतो, टेबल किंचित थरथरतं. ताई न सांगता म्हणतात, "हा! हाच आवाज यायचा."

सुरुवातीला २६, मिनिटाने ३६. काका मान हलवतात.

"जुना पार्ट द्या हं," ताई म्हणतात. काका जळका स्विच कागदात बांधून देतात. "आणि ताई, दार आपटू नका. स्विच त्यानेच मरतात."

"मी नाही हो आपटत. आमच्याकडे आपटणारे वेगळे आहेत. त्यांनाच दाखवायला नेतेय हा."