मिरवणुकीच्या पुढे दोन मुलं

नमस्कार, श्रोतेहो.

फोटोंबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. दाखवता काहीच येत नाही. तेव्हा मी सांगत जातो आणि तुम्ही मनात चित्र उभं करत चला.

कुठल्याही जुन्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात पदवीदान समारंभांचे फोटो गठ्ठ्यांनी सापडतात, आणि खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक कंटाळवाणे असतात. साहजिकच आहे. छायाचित्रकाराच्या खिशात कार्यक्रमपत्रिका असते. मिरवणूक कुठल्या दारातून येणार, प्रमुख पाहुणे कुठल्या खुर्चीत बसणार, सगळं त्याला ठाऊक असतं. फोटोच्या पाठीवर ‘डावीकडून पहिले, दुसरे’ अशी पहिल्या रांगेतली नावं लिहिलेली असतात.

आंदोलनाच्या फोटोची पाठ उलटून पाहा. तिथं बहुधा तारीख आणि ‘निदर्शने करणारे विद्यार्थी’ एवढंच. नावं नाहीत. पोलिसांनी काढलेल्या फोटोंची गोष्ट निराळी, त्यांना नावं हवीच असतात!

या दोन्ही गठ्ठ्यांत एकाच वेळी शोभेल असा एक फोटो आहे. ठिकाण हॅम्बुर्ग विद्यापीठाचं मोठं सभागृह, तारीख ९ नोव्हेंबर १९६७. जुने कुलगुरू पायउतार होऊन नव्यांच्या हाती सूत्रं देणार आहेत. काळे झगे आणि गळ्याभोवती पांढऱ्या चुणीदार कॉलरी घातलेले प्राध्यापक रांगेनं पायऱ्या उतरताहेत. त्यांच्या पुढ्यात सूट-टाय घातलेली दोन मुलं अचानक घुसतात आणि एक काळं कापड उलगडतात. कापडावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘उंटर डेन टालारेन, मुफ फोन टाउझेंड यारेन’. म्हणजे झग्यांखाली हजार वर्षांचा कुबट वास. मूळ जर्मनमध्ये यमक जुळतं, मराठीत ते हरवतं. त्यातला ‘हजार वर्षं’ हा टोला मात्र तिथल्या प्रत्येकाला कळणारा होता. नाझी आपल्या सत्तेला हजार वर्षांचं साम्राज्य म्हणवून घेत, आणि ती सत्ता संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती.

आता या फोटोतली गंमत पाहा. फलक पुढच्या बाजूला तोंड करून धरलाय. सभागृहातल्या सगळ्यांना तो वाचता येतोय, फक्त मागून गंभीर चेहऱ्यानं चालणाऱ्या प्राध्यापकांना दिसतेय ती कापडाची नुसती पाठ. आपण कशाच्या मागं चाललोय याचा त्यांना पत्ता नाही. हा फोटो इतका गाजला त्याचं अर्धं श्रेय मी त्या गांभीर्याला देईन. ते चिडलेले दिसले असते तर फोटो साधा झाला असता.

ते काळं कापडही उगाच काळं नव्हतं. त्याच वर्षी २ जूनला पश्चिम बर्लिनमध्ये इराणच्या शहांच्या भेटीविरुद्ध निदर्शनं झाली. त्यात बेनो ओनेझोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीनं मारला गेला. फलकाचं कापड त्याच्या शोकासाठी वापरलेल्या कापडातलं होतं, असं सांगितलं जातं. फोटोत हे कळायला मार्ग नाही. तिथं ते नुसतं काळं कापड आहे.

आणि आवाज? तो तर कुठल्याच फोटोत येत नाही. त्या दिवशी बेर्टोल्ड श्पूलर हे प्राध्यापक विद्यार्थ्यांवर ओरडले होते, ‘तुम्हा सगळ्यांना छळछावणीत टाकायला हवं!’ श्पूलर इस्लामी जगाच्या इतिहासाचे नावाजलेले अभ्यासक, आणि एके काळचे नाझी पक्षाचे सदस्य. या वाक्यापायी त्यांना काही काळ निलंबित केलं गेलं. फलकावर जो आरोप होता त्याचा पुरावा समोरच्याच पक्षानं तिथल्या तिथं दिला, आणि छायाचित्रात त्याची खूणही उमटली नाही.

त्या मुलांची नावं डेटलेफ आल्बर्स आणि गेर्ट हिनर्क बेल्मर. इथं नेहमीचा हिशेब उलटा झाला बघा. मुलांची नावं राहिली, झगेवाले बहुतेकांना नुसते ‘प्राध्यापक’ म्हणून ठाऊक. पुढं आल्बर्स स्वतःच ब्रेमेनला प्राध्यापक झाले, बेल्मर हॅम्बुर्गच्या सरकारात वरिष्ठ पदावर गेले. पश्चिम जर्मनीतल्या विद्यापीठांतून झगे काही वर्षांतच बहुतांशी गेले. तो फलक आता हॅम्बुर्गच्या सरकारी अभिलेखागारात जपून ठेवलाय.

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १ ऑक्टोबर १९६४ रोजी विद्यार्थ्यांनी पोलिसांच्या गाडीला गराडा घातला आणि ती सुमारे बत्तीस तास अडवून धरली. गाडीचं छप्पर हेच व्यासपीठ झालं. फोटोत त्यावर उभ्या असलेल्या मारिओ सॅव्हिओ या विद्यार्थी नेत्याच्या पायांकडे नीट पाहिलं तर बूट नाहीत. छपराला पोचे पडू नयेत म्हणून त्यानं ते काढून ठेवले होते. बंडखोरीच्या वर्णनात असला तपशील कुणी लिहीत नाही, फोटोत तो आपसूक येतो.

पण फोटोवरही डोळे झाकून विसंबू नये. ४ मे १९७०, ओहायोतलं केंट स्टेट विद्यापीठ. विद्यार्थ्यांच्या निदर्शनावर नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव दलाच्या, सैनिकांनी तेरा सेकंदांत सदुसष्ट गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. जमिनीवर पालथ्या पडलेल्या जेफ्री मिलरजवळ एक मुलगी गुडघ्यावर बसून, हात पसरून आक्रोश करतेय. हा फोटो जॉन फिलो या तिथल्याच विद्यार्थ्यानं काढला आणि त्याला १९७१चं पुलित्झर मिळालं. पाहणारे तिला सहज विद्यार्थिनी समजले. मेरी ॲन व्हेकियो होती चौदा वर्षांची, घरातून पळून आलेली.

मूळ फोटोत तिच्या डोक्याच्या बरोबर मागं कुंपणाचा एक खांब आहे, जणू डोक्यातूनच उगवलाय. कुणीतरी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पुसून टाकला. कुणी, ते कळलेलं नाही. ती साफ केलेली प्रत अनेक ठिकाणी छापली गेली, १९९५मध्ये ‘लाइफ’ मासिकातसुद्धा, आणि मग आरडाओरडा झाला. खांब पुसल्यानं घटनेत काही बदललं नाही हे खरं. पण ज्यानं खांब पुसला त्याला आणखी काय अडचणीचं वाटलं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून काही जात नाही. तो फोटो पुढं कधी तुमच्या समोर आला, तर आधी खांब आहे का ते बघा.

नमस्कार.