अरेबिका, रोबस्टा आणि तांबेरा

नमस्कार श्रोतेहो. कॉलेज रोडवरच्या कॅफेंमध्ये ‘शंभर टक्के अरेबिका’ अशी पाटी हल्ली सर्रास दिसते. कॉफीच्या झाडाच्या शंभराहून अधिक प्रजाती आहेत, पण जगाचा व्यापार चालतो तो अरेबिका आणि रोबस्टा या दोघींवर. तिसरी लायबेरिका. तिचं झाड मोठं, पानं रुंद आणि जाड. पिकते मुख्यतः मलेशिया-फिलिपिन्सकडे.

ओळखायचं कसं? बी हातात घ्या. अरेबिकाचं बी लांबट, चपटं, मधली चीर नागमोडी. रोबस्टाचं गोलसर, चीर सरळ. पुन्हा सांगतो: नागमोडी चीर अरेबिका, सरळ चीर रोबस्टा. अरेबिकाला थंड डोंगर लागतो. कर्नाटकात ती साधारण 1000 ते 1500 मीटरवर लावतात, तर रोबस्टा 500 ते 1000 मीटरवर. कॅफीन अरेबिकात सुमारे सव्वा टक्का, रोबस्टात जवळजवळ दुप्पट. रोबस्टाला फळ धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, ते वारा आणि मधमाश्या आणतात. अरेबिका स्वतःच्याच परागावर फळते. म्हणून अरेबिकाच्या मळ्यातली झाडं नात्याने एकमेकांच्या फार जवळची, आणि रोग आला की सगळ्यांवर एकदम येतो.

तसा तो आला 1869 साली, सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. डोंगरच्या डोंगर जंगल तोडून अरेबिका लावलेली होती. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. निफाडकडच्या गहूवाल्यांना वेगळं सांगायला नको, हा तांबेराच, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. पानं गळायची, फांदी उघडी पडायची, पुढच्या हंगामाला फळच धरायचं नाही. तरी मळेवाले लागवड वाढवतच राहिले. एकूण लागवड अडीच लाख एकरांच्या वर गेली आणि तांबेरा तिच्यामागोमाग पसरला. 1880 मध्ये इंग्लंडहून मार्शल वॉर्ड हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ आला. दोन वर्षं त्याने पानं तपासली. बुरशीचे बीजाणू वाऱ्याने येतात, ओल्या पानावर रुजतात आणि खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात, हे त्याने दाखवलं. एकदा आत शिरली की बुरशी धुऊन निघत नाही. औषध आधीच पानावर हवं. पण मळे वाचवील असं औषध तेव्हा हाती नव्हतं.

आता गंमत बघा. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये बोर्डोजवळचे द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना शिंपडत होते. कशासाठी? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड चोरू नयेत म्हणून! मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाने आजूबाजूचा बाग गेला, पण या वेली हिरव्यागार आहेत. 1885 साली त्याने बोर्डो मिश्रण जाहीर केलं. तोवर सिलोनचे मळेवाले कॉफी उपटून चहा लावत सुटले होते. औषध थोडक्यात चुकलं, आणि एक बेट कॉफीचं चहाचं झालं.

आज कॉफीच्या मळ्यांत तेच मिश्रण अर्धा टक्का मारतात: 100 लिटर पाण्याला अर्धा किलो मोरचूद, अर्धा किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, प्लॅस्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात नाही. एकत्र केल्यावर विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. फवारणी पावसाळ्याआधी, आणि पानाच्या खालून. पुन्हा सांगतो, खालून. आपल्याकडेही फवारणीचा ब्लोअर पळवत वरवर ओलं करून मोकळे होणारे कमी नाहीत. ते औषध वाया जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिलोननंतर जावातही तांबेऱ्याने अरेबिका कोलमडली. लायबेरिका लावून पाहिली, तीही तांबेऱ्याला बळी पडली. मग 1900 च्या सुमाराला काँगोकडची रोबस्टा आली आणि टिकली. आज जगातली चाळीस टक्क्यांच्या आसपास कॉफी रोबस्टा आहे, आणि भारतात तर दोन तृतीयांशाहून अधिक. ग्वाटेमालात सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक किडे, यांवर उपाय म्हणून रोबस्टाच्या मुळावर अरेबिकाचं कलम करतात. डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटावर आपलं द्राक्ष बांधणाऱ्यांना यातलं मर्म लगेच कळेल. आपल्याकडच्या एस 795 या अरेबिका वाणात लायबेरिकाचं रक्त आहे, तेही तांबेऱ्यासाठीच घातलेलं.

दुकानात पावडर घेताना ‘प्लँटेशन’ म्हटलं की धुऊन वाळवलेली अरेबिका, ‘चेरी’ म्हटलं की फळासकट वाळवलेली कॉफी. ‘पीबी’ म्हणजे एका फळात एकच गोल बी आलेलं. ही प्रजाती नव्हे, त्यामुळे तिचे जादा पैसे मोजण्याआधी अरेबिकाची की रोबस्टाची, ते विचारा. चिकोरी तर कॉफीच नाही, ते एका वेगळ्याच झाडाचं भाजलेलं मूळ. ती किती टक्के आहे ते पुडीवर छापलेलं असतं. फिल्टरला दाटपणा हवा असेल तर चिकोरी वाढवू नका. तीन भाग प्लँटेशनला एक भाग रोबस्टा दळून घ्या, दुधातही कॉफीची चव मागे पडत नाही.