खोडलेला 37

मी थेट जर्नलच्या एका पानापासून सुरू करते, कारण ते पान हातात आलं नसतं तर मी आज तुम्हा विज्ञान शिक्षकांसमोर, प्रयोगात मार्क नेमके कशाला द्यायचे या विषयावर, बोलायला उभीच राहिले नसते. दहावीचं प्रॅक्टिकल, ग्लास स्लॅब, चार टाचण्या, ड्रॉइंग बोर्ड, आपण सगळ्यांनीच वर्षानुवर्षं घेतलंय. प्रकाशकिरण काचेत शिरतानाचा आपाती कोन आणि बाहेर पडतानाचा निर्गत कोन सारखे यायला हवेत. एका मुलीच्या टेबलमध्ये आपाती कोन 40 होता आणि निर्गत कोनाच्या जागी आधी 37 लिहून मग रबराने खोडून 40 केलेलं, पण खालचा 37 अजून दिसत होता. मी विचारलं, का गं खोडलंस? तर म्हणाली, "बाई, उत्तर 40 आहे ना." आणि त्या पानावर सही माझी होती, पूर्ण मार्क देऊन.

मला ते फार लागलं. त्या 37 मध्ये खरं विज्ञान होतं आणि ते खोडायला तिला मीच शिकवलं होतं, तोंडाने नाही, मार्कांनी. मग मी तिला परत बसवलं, तेव्हा पाच मिनिटांत तिनेच शोधलं की ती टाचण्यांची डोकी एका रेषेत आणत होती, पाय नाही, आणि टाचण्या तर तिरप्या टोचलेल्या. सरळ टोचून, पायांकडे बघून परत केलं तर 39 आले. या वेळी तिने 39 च लिहिले.

आपल्या एसएससीला विज्ञानाचे दोन पेपर 40-40 चे आणि प्रॅक्टिकल 20 चं. त्या 20 मध्ये आपण खरं तपासतो काय? जर्नल पूर्ण आहे का, आकृती पेन्सिलने काढलीये का, निष्कर्ष बरोबर आहे का. आता निष्कर्ष तर गाइडमध्ये छापलेलाच असतो, मग पोराने शोधलं काय आणि आपण तपासलं काय? स्वतः प्रश्न काढणं, आधी अंदाज बांधणं, एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवणं, परत परत मोजणं, आणि आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते सांगणं, याला कुठेच मार्क नाहीत. आणि ज्याला मार्क नाहीत ते मुलं करत नाहीत, त्यात त्यांचा काही दोष नाही.

म्हणून मी नववीपासून सुरुवात केली, तिथे आपल्या हातात थोडी मोकळीक असते. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, मी विचारलं घरी काय त्रास होतोय, तर अर्धा वर्ग म्हणाला कपडे वाळत नाहीत, चाळीच्या गॅलरीत दोन दोन दिवस युनिफॉर्म ओला. म्हटलं चला, हाच प्रयोग. एका ग्रुपने दोन रुमाल भिजवले, एक फॅनखाली आणि एक लांब. पण वाळला हे ठरवायचं कसं? एक म्हणाला वाळला, दुसरी म्हणाली ओला आहे, रुमाल तोच! मग वजन करायचं ठरलं आणि ही पोरं मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली इलेक्ट्रिक काट्यावर रुमाल ठेवायला, तिथे काय झालं तर काटा पाच पाच ग्रॅमनेच आकडा दाखवत होता, त्यामुळे रुमालाचं वजन अर्धा तास हललंच नाही आणि मग एकदम पाचने खाली आलं. परत आले ते हिरमुसले होते पण तासाभरात त्यातलीच एक म्हणाली, आपण रुमाल नको, टॉवेल घेऊया, पाणी जास्त मावेल तर फरक मोठा पडेल. हे मी शिकवलेलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात पण नव्हतं. मोजायच्या साधनाला मर्यादा आहे आणि आपला प्रयोग त्याप्रमाणे बदलायचा, चौदा वर्षांच्या मुलीने हे वाण्याच्या दुकानात ओळखलं. पुढे अजून भांडण झालं, की एकाच खोलीत फॅन लावला तर वारा दुसऱ्या टॉवेललाही लागतोच ना, मग तो पॅसेजमध्ये न्यायचा का, पण पॅसेजची हवा पावसाने जास्त दमट, म्हणजे दोन गोष्टी बदलल्या. अख्खा तास त्यात गेला. फॅनखालचा टॉवेल लवकर हलका झाला, ते सगळ्यांना आधीच माहिती होतं. मला मार्क द्यायचे होते ते त्या भांडणाला.

आता पेपरमध्ये हे कसं विचारायचं, तर मी एक प्रश्न नेहमी घालते. 26 जुलै 2005 ला, म्हणजे 27 च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला 73 च्या आसपास, मधलं अंतर फार तर वीस-पंचवीस किलोमीटर. मुलांना फक्त एवढंच देते आणि विचारते, तुम्हाला काय वाटतं आणि ते तपासायला अजून कुठली माहिती मागाल? बरीच मुलं पहिल्यांदा लिहितात की कुलाब्याचं यंत्र बिघडलं असणार. ठीक आहे, मार्क त्याला नाहीत, पुढच्याला आहेत, म्हणजे यंत्र बिघडलं की नाही हे कसं ठरवशील? कोणी लिहितं शेजारच्या केंद्रांचे आकडे बघू. (विहार तलावाजवळ तर हजाराच्या वर गेला होता.) एका मुलाने लिहिलं, माझे पप्पा तेव्हा चर्चगेटला कामाला होते, ते सांगतात निघाले तेव्हा तिकडे साधाच पाऊस होता आणि पुढे येऊन अडकले, पप्पांनी मोजलं नव्हतं पण कुलाब्याचा आकडा खोटा नसेल. पुरावा आहे, कच्चा आहे, आणि कच्चा आहे हे त्याला माहिती आहे! मी त्याला पूर्ण मार्क दिले.

हे काही नवीन नाही बरं का. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांमध्ये असंच प्रयोगातून विज्ञान सुरू झालं, आणि तिथे परीक्षाही बदलली, पुस्तक उघडं ठेवून लेखी आणि वर प्रत्यक्ष प्रयोग. शिकवणं बदलायचं आणि परीक्षा तशीच ठेवायची असं त्यांनी केलं नाही, आपण कायम इथेच अडकतो. आणि आपल्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ज्यांनी अजून बघितलं नसेल त्यांनी एकदा जाऊन याच.

तुम्ही म्हणाल वर्गात साठ-पासष्ट मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास, कसं जमणार. सगळ्यांना एकाच दिवशी बघायला गेलात तर नाहीच जमणार. मी एका तासाला दोनच ग्रुप बघते, हातात एक शीट, कोण काय म्हणालं त्याची खूण करते, आणि नंतर प्रत्येकाला एकट्याला एकच प्रश्न, "हे परत केलंस तर काय बदलशील?" ग्रुपमागे लपलेलं पोर तिथे लगेच कळतं. कच्ची वही फाडायची नाही, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला कारण लिहायचं, आणि त्या कारणाला मार्क. दहापैकी दोन मी त्यालाच ठेवलेत.

अडचण एक मोठी आहे, ती सांगते. तीच वही मी तपासली तर 8 आणि माझ्या सहकारी बाईंनी तपासली तर 4. पहिल्या वर्षी आमचं असं खूप झालं. मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि कळलं की त्या शेवटचा आकडा बघत होत्या आणि मी त्याच्या आधीचं पान. एकत्र बसून वह्या तपासल्याशिवाय हे सुटत नाही.

म्हणून आज मी पाच वह्यांची झेरॉक्स आणलीये, नावं झाकून. चहा घेऊन या, दोघा-दोघांच्या जोड्या करा, एकमेकांना न दाखवता दहापैकी मार्क द्या, आणि मग फळ्यावर लिहूया कोणी किती दिले ते. तिसऱ्या वहीत तो वाण्याच्या काट्याचा टेबल आहे.