आधी थंडी, मग मरण

(दृश्य: उत्तर नॉर्वेचे डोंगर. उतारावर बर्फ, खाली गोठलेला ओढा.)

२० मे १९९९. नॉर्वेतल्या नार्विक शहराजवळचा डोंगरउतार. ॲना बोगेनहोल्म ही २९ वर्षांची स्वीडिश डॉक्टर दोन सहकाऱ्यांबरोबर स्कीइंग करत होती. तिचा तोल गेला आणि ती गोठलेल्या ओढ्यावर आदळली. बर्फाला भगदाड पडलं, ती डोक्याकडून आत गेली. वर राहिले फक्त पाय आणि पायातल्या स्की. सहकाऱ्यांनी त्या घट्ट धरून ठेवल्या म्हणून ती वाहून गेली नाही, पण तिला ओढून काढणं काही केल्या जमेना.

बर्फाच्या थराखाली तिला हवेचा छोटासा कप्पा सापडला. त्या हवेवर ती सुमारे चाळीस मिनिटं श्वास घेत राहिली. मग हालचाल थांबली. बचावपथकाने बर्फ फोडून तिला बाहेर काढलं, तोवर पाण्यात पडून ऐंशी मिनिटं झाली होती. श्वास नाही, नाडी नाही, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या.

(दृश्य: हेलिकॉप्टर. छातीवर दाब देणारे हात.)

तिथून ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयापर्यंत हेलिकॉप्टरने जवळजवळ तासाभराचा प्रवास. सगळा वेळ छातीवर दाब देणं चालूच. रुग्णालयात तापमान मोजलं: १३.७ अंश सेल्सिअस. ईसीजीची रेघ सपाट. आपत्कालीन विभागाचे प्रमुख माड्स गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, शरीर गरम करून पाहिल्याशिवाय हिला मृत म्हणायचं नाही.

तिचं रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवून, हळूहळू तापवून परत शरीरात सोडलं गेलं. हृदय आधी नुसतं थरथरलं, मग ठोके देऊ लागलं. नऊ तास हे काम चाललं. शंभराहून जास्त डॉक्टर आणि नर्स आळीपाळीने राबत होते. ती शुद्धीवर आली तेव्हा मानेखालचं अंग लुळं होतं. महिनोन्‌महिने गेले. हातापायांच्या नसांचा थोडा त्रास मागे राहिला, बाकी ती सावरली. पुढे त्याच रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट म्हणून कामालाही लागली.

याला चमत्कार म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. त्याच भागातल्या रुग्णालयांच्या नोंदी बघा. १९८५ पासून १९९९ पर्यंत थंडीने हृदय बंद पडलेला एकही रुग्ण तिथे वाचला नव्हता. त्यानंतर २०१३ पर्यंत आलेल्या चोवीस जणांपैकी नऊ वाचले.

मग तिच्या शरीरात नेमकं झालं काय?

मेंदूला प्राणवायू लागतो तो पेशींमधली रसायनं सतत कामात असतात म्हणून. नेहमीच्या ३७ अंशांवर रक्त थांबलं, की चार-पाच मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं. तापमान एक अंशाने उतरलं, की ही मागणी साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते. पंधरा अंशांच्या आसपास ती इतकी खाली येते, की मेंदू बराच वेळ उपाशी राहू शकतो. ॲनाच्या बाबतीत महत्त्वाची ठरली ती हवेच्या कप्प्यातली चाळीस मिनिटं. हृदय चालू होतं, रक्तात प्राणवायू होता, आणि त्याच वेळी मेंदू गार होत होता. थंडी आधी पोचली. हृदय नंतर थांबलं.

हा क्रम ध्यानात ठेवा. मेलेल्याला परत आणण्याच्या प्रत्येक दाव्याला हाच प्रश्न विचारायचा आहे.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर.)

शस्त्रक्रियेच्या जगात हा क्रम जुना आहे. टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगातून दाखवलं, की शरीर थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवता येतं. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी याच पद्धतीने पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. आज महाधमनीच्या कमानीवर शस्त्रक्रिया करताना काही रुग्णांचं शरीर अठरा-वीस अंशांपर्यंत उतरवतात आणि मशीनही बंद करतात. ठोका नाही, रक्त फिरत नाही, मेंदूचा विद्युत आलेख शांत. साधारण अर्धा तास सर्जनच्या हाती असतो. काम झालं की पुन्हा रक्त सोडायचं, पुन्हा ऊब द्यायची. सस्पेंडेड ॲनिमेशन, म्हणजे शरीराचं काम तात्पुरतं थांबवून पुन्हा सुरू करणं, ही कथा-कादंबऱ्यांतली गोष्ट असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा अर्धा तास डोळ्यांसमोर आणावा.

पण गोळी लागून किंवा भोसकल्यामुळे रक्तस्राव होऊन ज्याचं हृदय थांबलं, त्याला आधी गार करणार कधी? व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिक असेच काही मिनिटांत जायचे. ती जखम पुष्कळदा शिवता येण्यासारखी असायची, कमी पडायचा तो वेळ. डॉक्टर पीटर सफार आणि अमेरिकन लष्करातले डॉक्टर रोनाल्ड बेलामी यांनी १९८४ च्या सुमारास यावर विचार सुरू केला. त्यातून पुढे आलेली पद्धत अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये सर्जन सॅम्युअल टिशरमन यांच्या देखरेखीखाली तपासायला घेतली गेली. थेट महाधमनीत बर्फासारखं थंड सलाइन भरायचं आणि मेंदू दहा-पंधरा अंशांवर आणायचा, म्हणजे जखम शिवायला तासभर मिळावा. निदान एका रुग्णावर हे करून पाहिल्याचं टिशरमन यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं. इथे मरण थोडं पुढे निघालेलं असतं, आणि थंडी त्याला गाठायला धावते.

ती फार मागे पडली तर? हृदयविकाराने कोसळलेल्यांचं हृदय पुन्हा सुरू झाल्यावर त्यांना ३३ अंशांवर ठेवण्याची पद्धत २००२ नंतर जगभर रुजली. २०२१ मध्ये सुमारे १,९०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: ताप येऊ न देण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या नळ्यांतून फिरणारा लाल द्रव.)

एप्रिल २०१९ मध्ये येल विद्यापीठातून एक धक्का देणारी बातमी आली. नेनाद शेस्तान यांच्या गटाने कत्तलखान्यातून डुकरांचे मेंदू आणले, मृत्यूनंतर चार तासांनी त्यांच्यातून खास द्रव खेळवायला सुरुवात केली, आणि सहा तास तो चालू ठेवला. पेशी साखर आणि प्राणवायू वापरू लागल्या, रक्तवाहिन्या औषधाला प्रतिसाद देऊ लागल्या. मात्र जाणिवेची खूण ठरेल असा संपूर्ण मेंदूचा विद्युत आलेख एकदाही उमटला नाही. तो उमटू नये म्हणून द्रवात चेतातंतूंचं काम रोखणारी औषधं मुद्दाम घातली होती, आणि तरीही उमटलाच तर भूल देण्याची तयारी होती. शास्त्रज्ञांनी स्वतःला घातलेली ही मर्यादा मला त्या प्रयोगाइतकीच मोलाची वाटते.

म्हणजे पेशी तासन्‌तास तग धरतात, माणूस त्याच्या आधीच गेलेला असतो. मग 'गेला' कधी म्हणायचं? मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय-प्रत्यारोपण केलं, तेव्हा आपल्या कायद्यात मेंदूमृत्यूला जागाच नव्हती. ती मिळाली १९९४ च्या कायद्याने. महाराष्ट्रात आणि गोव्यात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला.

आता राहिला क्रायोनिक्सचा दावा, म्हणजे मेलेल्याचं शरीर गोठवून ठेवायचं आणि पुढे कधीतरी जागं करायचं. जेम्स बेडफर्ड या अमेरिकन प्राध्यापकाचं शरीर १२ जानेवारी १९६७ पासून गोठवून ठेवलेलं आहे. आज ते ॲरिझोनातल्या आल्कोर संस्थेत उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहे. इथे आधी मृत्यू, मग थंडी. शिवाय फ्रीझरमधला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो, तसे पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात. पुढे स्फटिक टाळणारी रसायनं वापरात आली, पण ती स्वतःच विषारी, आणि मोठा अवयव असमान गार झाला तर त्याला तडे जातात. अशा शरीराला जागं करण्याचा मार्ग आज कुणाकडे नाही. जवळचं माणूस गमावलेल्याला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

(दृश्य: अवयव नेणारी पेटी. पोलिसांनी मोकळा केलेला रस्ता.)

तरी त्या रसायनांमागचं विज्ञान वाया गेलेलं नाही. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने उंदराची मूत्रपिंडं काचेसारखी घट्ट गोठवून शंभर दिवसांपर्यंत ठेवली, लोहकणांच्या मदतीने आतून एकसारखी गरम केली आणि दुसऱ्या उंदरांत बसवली. ती काम करू लागली. इथे अवयव जिवंत शरीरातून काढून लगेच गार केला होता, म्हणजे क्रम बरोबर होता. आज दान केलेलं हृदय चार ते सहा तासांत बसवावं लागतं, म्हणून पुणे-मुंबई रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका पळवावी लागते. उंदराच्या मूत्रपिंडाला जे साधलं ते माणसाएवढ्या अवयवाला साधायचं, तर त्याच्या गाभ्यापासून सालीपर्यंत ऊब एकाच वेळी पोचायला हवी. सध्या खटपट चालली आहे ती यासाठीच.