कढई आचेवर, काटा धारवाडवर

(दृश्य: पाण्यात बुडवलेले लाकडी साचे. तरंगू नयेत म्हणून वर ठेवलेला वरवंटा.)

दिवाळी सरली की बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीच्या बाजारांत साखरेच्या आरत्या येतात. हत्ती, उंट, मोर, रथ, देवळाचं शिखर. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. कार्तिकी पौर्णिमेला, इथल्या भाषेत गौरी हुण्णिवीला, पोरी त्या ताटात मांडून गौरीला ओवाळायला निघतात. रीत मूळची कन्नड घरांतली. पण शेजारच्या मराठी घरांतल्या पोरीही त्यांच्यासोबत जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी हत्तीची सोंड कोण खाणार यावरून भांडणं दोन्ही भाषांत व्हायची.

आरती घरी करायची तर साचे आदल्या रात्रीच भिजत घालावे लागतात. साचा दोन किंवा तीन फळ्यांचा, आतून उलटा कोरलेला. कोरडं लाकूड पाक शोषून घेतं, साखर कोरीव रेषांत अडकते आणि साचा उघडताना मोराचा तुरा लाकडातच राहतो. भिजलेला साचा झटकून फडक्यानं टिपायचा. आत पाण्याचे थेंब राहिले तर तिथली साखर विरघळून खड्डे पडतात. मग फळ्या जुळवून दोऱ्यानं करकचून बांधायच्या, नाहीतर पाक फटीतून गळतो.

(दृश्य: पातेल्यात उकळणारा पाक. वर जमणारी मळी.)

अर्धा किलो साखरेला एक वाटी, म्हणजे साधारण 200 मिलिलिटर पाणी. उकळी आली की दोन चमचे दूध घालायचं. दूध फाटतं आणि साखरेतला मळ धरून वर येतं. ती मळी झाऱ्यानं काढायची आणि पाक ओल्या मलमलीतून गाळायचा. ही पायरी वगळली की आरती मळकट दिसते. गाळलेल्या पाकात लिंबाचे चार थेंब. त्या आंबटपणामुळे थोडी साखर फुटते आणि पाक पातेल्यात अवेळी दाणेदार होत नाही. अर्धं लिंबू पिळलं तर मात्र आरती धरतच नाही, सकाळी ताटाला चिकटलेली सापडते.

पाक दोनतारी हवा. थर्मामीटर असेल तर 112 ते 115 अंश सेल्सिअस. आता सगळा पाक एकदम घ्यायचा नाही, छोट्या पातेल्यात एका साच्यापुरता घ्यायचा. आचेवरून उतरवून लाकडी कलथ्यानं पातेल्याच्या कडेला घासत राहायचं. पारदर्शक पाक आधी गढुळतो, मग दुधी होतो. दुधी झाला की लगेच ओतायचा. त्याआधी ओतला तर आरती चिकट राहते. अर्धा मिनिट उशीर झाला तर साखर पातेल्यातच आळते. तशी आळली तरी ती वाया जात नाही. दोन चमचे पाणी घालून पुन्हा आचेवर ठेवायची आणि पुन्हा तीच तार आणायची.

दहा-पंधरा मिनिटांत दोरा सोडायचा. कार्तिकातली कोरडी, गार हवा या कामाला फार चांगली. याच आरत्या आषाढात केल्या तर बेळगावच्या दमट हवेत दोन दिवसांत पाझरू लागतात.

(दृश्य: जाड बुडाची कढई. आटणारं म्हशीचं दूध. मागे मांडणीवर रेडिओ.)

या कामात हात आणि डोळे अडकतात, कान मोकळे राहतात. कुंद्याचं, म्हणजे दूध आटवून केलेल्या बेळगावी मिठाईचंही तसंच, आणि त्याला वेळ तर कितीतरी जास्त. म्हणूनच सीमाभागातल्या कितीतरी घरांत रेडिओची जागा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असायची.

कुंदा एक लिटर म्हशीच्या दुधाचा सांगतो. कढई जाड बुडाची आणि पसरट घ्या, कारण दूध पृष्ठभागावरूनच आटतं. मध्यम आचेवर ते निम्मं होऊ द्या. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर बुडाला कलथा फिरत राहिला पाहिजे. मग दोन मोठे चमचे आंबटसर दही, चमच्या-चमच्यानं. दूध बारीक फुटतं आणि कण धरतं. कुंद्याचा रवाळपणा या कणात आहे, म्हणून इथं घाई करू नका. दूध पातळ असतानाच दही घातलं तर कण मोठे आणि चिवट होतात. दह्याऐवजी लिंबू पिळलं तर पनीर होतं, कुंदा होत नाही. कण धरल्यावर जोरात ढवळलं तर ते मोडून सगळा लगदा होतो.

सुटलेलं पाणी आटत आलं की साखर घालायची, एकूण दीडशे ग्रॅम. त्यातली सव्वाशे तशीच. उरलेली दुसऱ्या छोट्या कढईत कोरडीच तापवून तांबूस करायची आणि दुधाच्या कढईत ओतायची. ओतताना हात लांब ठेवा, जोरात तडतडतं. कुंद्याचा तपकिरी रंग आणि किंचित कडवट गोडी या जळक्या साखरेची. ती काळी पडली तर मात्र सगळा कुंदा कडू होतो, तेव्हा ती टाकून नवी करा, पंचवीस ग्रॅमचाच प्रश्न आहे. साखर लवकर घालू नये, कारण साखर पडल्यावर बूड फार पटकन करपतं. शेवटी चमचाभर तूप, वेलदोडा, आणि गोळा कढईच्या कडा सोडेपर्यंत परतणं. लिटरभर दुधाचा कुंदा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उतरतो.

(दृश्य: रेडिओची उजळलेली काच. सरकणारा काटा.)

सगळं मिळून दीड तास. बुधवारी संध्याकाळी सव्वासातला दूध चुलीवर चढवलं की आठला दही पडायची वेळ यायची, आणि त्याच वेळी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा आवाज. बिनाका गीतमाला 1952 मध्ये सुरू झाली. ती शॉर्टवेव्हवरून यायची, म्हणून आवाज कधी वर चढायचा, कधी खोल जायचा. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येतात आणि ते थर सतत हलत असतात. सेटमध्ये बिघाड नसायचा. पण गाणं कितव्या पायरीवर आहे हे सांगतानाच आवाज बुडाला की पोरं सेटला थापटायची.

त्याआधी, सातनंतर, विविध भारतीची जयमाला. विविध भारती 1957 ची. फौजी भाइयोंच्या फर्माइशी आणि त्यांची नावं. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यानं ही नावं इथं फार कान देऊन ऐकली जायची. सरहद्दीवर असलेल्याचं नाव आपल्या ओसरीवर ऐकू येणं याचं मोल त्या घरांना विचारावं.

मिडियम वेव्हवर या भागाला दोन शेजारी होते. धारवाड केंद्र 1950 चं, सांगली केंद्र 1963 चं. बेळगाव शहरापासून हवाई अंतरानं धारवाड आग्नेयेला सुमारे 70 किलोमीटर, सांगली उत्तरेला सुमारे 110. निपाणीला सांगली त्याच्या निम्म्या अंतरावर. त्यामुळे एकाच जिल्ह्यात निपाणीचा काटा सांगलीवर आणि खानापूरचा धारवाडवर राहायचा. धारवाड 765 किलोहर्ट्झवर, सांगली 1251 वर. जुन्या काचेवर मीटर छापलेले असत, तिथं हीच ठिकाणं 392 आणि 240 च्या जवळ शोधावी लागत.

सकाळी सांगलीवरून पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, रात्री धारवाडवरून मल्लिकार्जुन मन्सूर किंवा गंगूबाई हनगल. मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागारही होते. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे तिथं साहित्य सल्लागार होते, आणि बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. सीमाभागातल्या मराठी घरांनी धारवाड परकं मानलं नाही, त्यामागे अशी माणसं होती असं आम्हांला वाटतं.

1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांची 56 गीतं, सुधीर फडके यांचं संगीत, वर्षभर. तेव्हा सांगली केंद्र नव्हतं. दिवसा मिडियम वेव्हच्या लहरी आकाशात शोषल्या जातात आणि लांबचं केंद्र क्षीण होतं, त्यामुळे पुणे धरायचं तर कौलांवरून लांब तांब्याची तार ओढून एरियल करावी लागे. रात्री उलटं होतं. शोषणारा थर विरतो, लांबलांबची केंद्रं आत शिरतात आणि जवळच्या केंद्रावर शिट्टी वाजू लागते. ट्रान्झिस्टर असेल तर उपाय सोपा आहे. त्याच्या आत आडवी फेराइटची कांडी असते. कांडीचं टोक ज्या दिशेला, तिकडचं केंद्र सर्वांत क्षीण. काट्याला हात न लावता सेट हळूहळू फिरवायचा, शिट्टी दबेल तिथं थांबवायचा.

(दृश्य: लाकडी वाटीत मांड्याची घडी, शेजारी करदंटाच्या वड्या.)

रेडिओबरोबर मोठ्या माणसांच्या पानात मांडे यायचे आणि गोकाकहून आणलेलं करदंट, म्हणजे डिंक आणि सुकामेव्याची वडी. करदंटाचा डिंक तुपात पूर्ण फुललाच पाहिजे. मोठे खडे एकदम टाकले तर ते बाहेरून फुलतात, आतून कच्चे राहतात आणि दाताला चिकटतात. म्हणून डिंक हरभऱ्याएवढा फोडून थोडा थोडा तळायचा. मांड्याची घडी तव्यावरच, गरम असताना घालायची, गार झाला की मोडतो.

(दृश्य: उघडलेला व्हॉल्व्ह सेट. धूळ, दोरी, दिवा.)

माळ्यावरचा व्हॉल्व्हचा सेट उतरवणार असाल तर तो थेट प्लगला लावू नका. बंद पडून राहिलेल्या सेटमधले कपॅसिटर निकामी झालेले असतात आणि विजेचा पूर्ण दाब मिळाला की ट्रान्सफॉर्मर जळतो. जुने मेकॅनिक सेटच्या मालिकेत 60 किंवा 100 वॅटचा जुना तारेचा पिवळा दिवा लावतात. दिवा भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंदावला तर पुढं जा. मिनिटभरात व्हॉल्व्ह तापतात. नुसती घूं ऐकू आली तर फिल्टर कपॅसिटर बदला. गोल बटण फिरतं पण काटा हलत नाही, तर डायलची दोरी सैल झाली आहे. वीज बंद केल्यावरही आत दाब साठून राहतो, म्हणून हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

ट्रान्झिस्टरमध्ये सेल गळून स्प्रिंगवर हिरवट थर बसलेला असेल. जुन्या साध्या सेलची ही गळती आम्लधर्मी असते. खाण्याच्या सोड्याच्या ओल्या लेपानं पुसा, कोरडं करा, मग बारीक पॉलिश कागद फिरवा. आवाज आला आणि त्यावर सतत खरखर असेल तर घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद करा. बहुतेक वेळा खरखर त्यांच्यापैकीच कुणाची तरी असते.