कंदील विझला तर उतरायचं नाही

(दृश्य: हरिपूर, संगम. कॅमेरा हळूहळू जमिनीकडे.)

सांगलीजवळच्या हरिपूरला लोक येतात ते कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ बघायला. आपल्याला बघायचंय ते पायाखाली. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, खाली वीस-पंचवीस फूट खोल, पोटाशी रुंद होत गेलेला खड्डा. हे पेव. आतून उसाचा पाला आणि चटया लावायच्या, हळद ओतायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आतला प्राणवायू सरतो, कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. ना वीज, ना औषध. २००५च्या महापुरात यातली कितीतरी पेवं ढासळली. मग गोदामं आली, आणि पेव राखणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली.

(दृश्य: दोरीला बांधलेला कंदील खाली जातो.)

पेव फोडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड काही वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर थांबायचं. कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करणाऱ्या ज्या बाईंवर ही फिल्म आहे, त्यांचे वडील हेच काम करायचे. पडद्यावर नाव नको, ही त्यांची अट. म्हणून आपणही त्यांना गाव म्हणतं तसं ‘बाई’च म्हणू.

विलिंग्डन कॉलेजात बी.एस्सी., कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी., मुंबईत पीएच.डी., काही वर्षं परदेशात, आणि परत. त्या काळातले फोटो घरात दोनच निघाले. दोन्हींत बाई रांगेच्या शेवटी.

(दृश्य: प्रयोगशाळा. गुलाबी द्रवाची बाटली.)

हे गुलाबी पाणी म्हणजे पेशींचं खाणं: साखर, अमिनो आम्लं, क्षार, वासराच्या रक्तातलं सीरम. रंग फिनॉल रेडचा. आम्ल साठत गेलं की तो नारिंगी होतो, मग पिवळा. कर्करोगाच्या पेशी बाटली भराभर पिवळी करतात, कारण प्राणवायू हाताशी असूनही त्या साखर अर्धवट वापरतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. ऑटो वारबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकातच दाखवलं होतं.

बाईंचा प्रश्न त्याच्या पुढचा. गाठ वाढत जाते तशा तिच्या मधल्या भागाला रक्तवाहिन्या पुरत नाहीत. तिथं प्राणवायू संपतो, लिंपलेल्या पेवासारखा. पेवातली कीड मरते. इथं मात्र काही पेशी मरतात आणि उरतात त्या जास्त चिवट निघतात. रेडिएशनलाही त्या सहज दाद देत नाहीत, कारण किरणांनी डीएनएला केलेली इजा पक्की व्हायला प्राणवायू लागतो.

(दृश्य: काचेची पेटी, आत शिरलेले रबरी हातमोजे, पडद्यावर आकडा १.)

बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के, या पेटीत १. बाकी भरती मुख्यतः नायट्रोजनची. आत तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी आहेत, आणि शोध चाललाय एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनाचा. पेशी ते सतत बनवते आणि प्राणवायू असेल तर सतत मोडते. अर्धं प्रथिन पाच मिनिटांच्या आत संपतं. प्राणवायू घटला की मोडणं थांबतं. प्रथिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि साखर जास्त ओढणारी, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारी जनुकं चालू करतं. पेशींना प्राणवायूची चाहूल कशी लागते, हे उलगडल्याबद्दल २०१९चं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळालं.

म्हणून इथं एवढी धांदल. बशी पेटीबाहेर आली की प्रथिन मोडायला सुरुवात. बर्फावर ठेव, गार द्रवानं धू, खरवड, नळीत घे. मध्येच कुणाचा फोन वाजला तर आठवड्याचं काम पाण्यात. “आधी बर्फ आण गं, मग दार उघड,” एवढंच बाई बोलतात. ही मुलगी पहिल्या वर्षाची आहे. हात बघा तिचे.

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड, हळदीचे सौदे.)

सांगलीत पाऊल ठेवलं की प्रश्न ठरलेला: “बाई, हळदीनं कॅन्सर बरा होतो म्हणे?” यार्डात उभं राहून त्या सांगतात, काचेच्या बशीत हळदीतलं कर्क्युमिन टाकलं की कर्करोगाच्या पेशी मरतात, खरंय, पण बशीत त्या पुष्कळ गोष्टींनी मरतात. पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही, उतरतं तेही शरीर झटपट निकालात काढतं. “आमटीत घाला की. उपचाराला मिरजेला जा.” एका व्यापाऱ्यानं तोंड फिरवलं. तो शॉट आम्ही मुद्दाम ठेवलाय.

रुग्णाच्या हाती काय आलं? याच कुळातल्या एचआयएफ-२ अल्फाला रोखणारं बेल्झुटिफॅन हे औषध अमेरिकेत २०२१ साली मंजूर झालं, तेही आधी व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजारातल्या गाठींपुरतं. तोंडाच्या कर्करोगासाठी ते नाही. त्या कामावर बाईंच्या दोन विद्यार्थिनी आहेत, एक जतची, एक तासगावची.